प्रगामी की स्थिर? दोरी हातात घेऊन तरंग ओळखायला शिका

दोरीवर उठलेल्या तरंगाचा एक फोटो समोर ठेवून विचारलं, हा प्रगामी तरंग की स्थिर तरंग, तर बहुतेक जण काही ना काही उत्तर देऊन मोकळे होतात. खरं उत्तर असं की सांगता येणार नाही. गोठलेल्या एका क्षणात दोघांचंही रूप तेच, उंचवट्या-खळग्यांची नागमोडी रेघ. पाठ्यपुस्तकं मात्र दोघांची ओळख चित्रावरूनच करून देतात आणि खाली फरकाचा दहा मुद्द्यांचा तक्ता छापतात. तो तक्ता मी बारावीत घोकला होता, गुणही पुरेपूर मिळाले. तरंग नेमकं काय करतो हे कळलं ते तीन वर्षांनी, एका सैलसर दोरीशी खेळताना.

म्हणून इथे तक्ता नाही. एकच सवय लावून घ्यायची आहे. दोरीवरच्या एका ठिपक्यावर नजर खिळवा, तो काय करतोय ते बघा, आणि मग शेजारच्या ठिपक्याकडे वळा. प्रगामी तरंगात शेजारी अगदी तेच करतो, फक्त जरा उशिरा. स्थिर तरंगात शेजारी त्याच क्षणी हलतो, फक्त कमी किंवा जास्त. 'उशीर' दिसला की प्रगामी, 'कमी-जास्त' दिसलं की स्थिर. पुढचं सगळं या दोन शब्दांभोवती फिरणार आहे.

नावांचं आधीच उरकून घेऊ. प्रगामी तरंगाला पुरोगामी तरंगही म्हणतात (विचारसरणीशी संबंध नाही, 'पुढे जाणारा' इतकाच अर्थ). स्थिर तरंगाला अप्रगामी तरंग म्हणतात. स्थिर तरंगात जे बिंदू हलतच नाहीत ते निस्पंद बिंदू आणि जे सर्वांत जास्त हलतात ते प्रस्पंद बिंदू. लागोपाठच्या दोन निस्पंदांमधल्या फुगीर भागाला वर्गात सगळे लूपच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

तयारी

करंगळीएवढ्या जाडीची, साधारण ३ मीटर सुती दोरी घ्या. माझ्या दोरीचं वजन मीटरला ५० ग्रॅम, म्हणजे एकूण १५० ग्रॅम होतं; पुढचे आकडे त्याच दोरीचे आहेत. तुमची दोरी हलकी किंवा जड असेल तर आकडे बदलतील, गोष्ट तीच राहील. एक टोक खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या मुठीला घट्ट बांधा. दुसरं टोक हातात धरून, पाऊण किलोचं वजन टांगल्यावर पडेल इतपत ताण द्या. दर २५ सेंटिमीटरवर रंगीत चिकटपट्टीचा एकेक तुकडा गुंडाळा. हे तुकडे म्हणजे आपले ठिपके. शेवटची गोष्ट म्हणजे स्लो-मोशन चित्रीकरण करणारा फोन. सेकंदाला २४० चित्रं घेणारा असेल तर उत्तम. फोन बाजूला, दोरीच्या मध्यासमोर, सगळी दोरी चौकटीत येईल असा टेकवून ठेवा.

पायरी १: एकच झटका

तरंग बनवायची घाई नको. आधी हाताला एकच झटका द्या, वर आणि लगेच खाली. एक उंचवटा दोरीवरून धावत बांधलेल्या टोकापर्यंत जाईल आणि परत येईल. परत येताना तो उलटा असेल, उंचवट्याचा खळगा झालेला. बांधलेलं टोक हलू शकत नाही, त्यामुळे येणाऱ्या उंचवट्याला तिथे तितक्याच खोल खळग्याने खोडून काढावं लागतं. तोच खळगा मग परतीला निघतो.

आता वेग काढा. तरंगाच्या वेगाचा वर्ग म्हणजे दोरीतला ताण भागिले एक मीटर दोरीचं वस्तुमान. ताण ७.२ न्यूटन आणि वस्तुमान ०.०५ किलोग्रॅम धरलं तर भागाकार १४४ आणि वेग सेकंदाला १२ मीटर. जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे एक फेरी अर्ध्या सेकंदाची. स्टॉपवॉच घेऊन एक फेरी मोजायला जाल तर बोट चुकेल. तीन फेऱ्या मोजा आणि तिनाने भागा. वेग थोडा वेगळा आला तर ताण तुम्ही धरलाय तितका नाही, एवढंच.

ही अर्ध्या सेकंदाची फेरी लक्षात असू द्या. तिसऱ्या पायरीत तिचाच उपयोग आहे.

पायरी २: प्रगामी तरंग पकडायचा कसा

शुद्ध प्रगामी तरंग बघायला मिळणं वाटतं तितकं सोपं नसतं. दोरीला टोक आहे, तिथून परावर्तन होतं आणि परतणारा तरंग जाणाऱ्यात मिसळतो. समुद्राच्या लाटांचा अभ्यास करायला प्रयोगशाळांमध्ये लांबच लांब टाक्या असतात. त्यांच्या दुसऱ्या टोकाला मुद्दाम उतार केलेला असतो, लाट तिथे फुटून विरून जावी आणि परत येऊ नये म्हणून. आपल्याकडे तसं काही नाही, पण पाव सेकंद आहे. हात हलवायला लागल्यापासून पहिला उंचवटा टोकाला पोहोचेपर्यंत ०.२५ सेकंद जातात. तेवढा वेळ दोरीवर फक्त प्रगामी तरंग असतो, आणि २४० च्या स्लो-मोशनमध्ये तेवढ्यात ६० चित्रं मिळतात.

चित्रीकरण सुरू करा आणि सेकंदाला चार वेळा या गतीने हात वर-खाली करायला लागा. हाताची झेप लहान ठेवा, मध्यापासून वर-खाली ३ सेंटिमीटर पुरेत. मग ते चित्रीकरण एकेक चित्र पुढे सरकवत बघा. पहिली पट्टी सर्वांत वर पोहोचली त्या चित्राचा क्रमांक लिहून घ्या. दुसरी पट्टी कधी पोहोचते? पाच चित्रांनंतर. तिसरी आणखी पाच चित्रांनंतर. कारण २५ सेंटिमीटर जायला सेकंदाला १२ मीटरच्या वेगाने ०.०२०८ सेकंद लागतात आणि २४० ने गुणलं की बरोबर ५ येतात. (तुमचं सहा किंवा चार आलं तरी हरकत नाही, मुद्दा हा की दर पट्टीला तेवढाच उशीर होतो.)

आता उंची बघा. पहिली पट्टी ३ सेंटिमीटर वर जाते, दुसरीही जवळपास तितकीच, पाचवीही. आयाम, म्हणजे मध्यापासूनची सर्वांत मोठी झेप, सगळ्यांचा सारखा, वेळ प्रत्येकाची वेगळी. पुस्तकी भाषेत, प्रगामी तरंगात सर्व कणांचा आयाम समान असतो आणि कला एका कणापासून दुसऱ्या कणापर्यंत हळूहळू बदलत जाते. 'कला' या शब्दाने अनेकांची दांडी उडते. दोलनाच्या चक्रात कण आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे, एवढाच तिचा अर्थ.

आणखी एक बाब डोळ्यांनी बघून घ्या, कारण ऐकून ती पटत नाही. पट्टी पुढे सरकत नाही. ती जागच्या जागी वर-खाली होते. उंचवटा मात्र एका पट्टीकडून दुसरीकडे सरकतो. प्रवास आकाराचा आणि ऊर्जेचा होतो, दोरीचा नाही.

पायरी ३: तोच हात, तीच दोरी, स्थिर तरंग

हात थांबवू नका. परावर्तित तरंग येऊ लागले की सुरुवातीला दोरीवर नुसता गोंधळ दिसतो. हाताची गती किंचित कमी-जास्त करत राहा. एका विशिष्ट गतीला दोरी एकदम 'लागते', हातातला विरोध बदलल्यासारखा वाटतो, आणि हात जेमतेम हलत असताना दोरी भलतीच फुगते. दोन लूप दिसतील, मधोमध एक बिंदू जवळजवळ स्तब्ध. हा स्थिर तरंग.

अशा गती कोणत्या, हे पहिल्या पायरीत मोजलेली फेरी सांगते. झटका जाऊन-येऊन अर्धा सेकंद घेतो. हाताने दर अर्ध्या सेकंदाला एक दोलन केलं, म्हणजे वारंवारता २ हर्ट्झ ठेवली, तर प्रत्येक नवा झटका परतून आलेल्या जुन्या झटक्याच्या सुरात सूर मिसळतो. (बांधलेल्या टोकाला एकदा आणि हाताशी पुन्हा एकदा असा तो दोनदा उलटतो, म्हणजे सुलटा होऊन निघतो.) मग दोरी एका लूपमध्ये डोलते. फेरीच्या वेळात दोन दोलनं बसवली तर ४ हर्ट्झ आणि दोन लूप, तीन बसवली तर ६ हर्ट्झ आणि तीन लूप. सेकंदाला सहा वेळा हात हलवणं मनगटाची परीक्षा बघतं, पण जमतं. अडीच दोलनं बसवायला गेलात तर नवा झटका जुन्याला मारत राहील आणि हाती काहीच लागणार नाही. म्हणून बांधलेल्या दोरीवर स्थिर तरंग हव्या त्या वारंवारतेला उभा राहत नाही. दोरीच्या लांबीत अर्ध्या तरंगलांब्या पूर्ण संख्येने मावाव्या लागतात. (एक उंचवटा आणि एक खळगा मिळून जी लांबी होते ती तरंगलांबी.) प्रगामी तरंगाला ही अट नाही.

आता ४ हर्ट्झवर चित्रीकरण करा आणि पट्ट्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारा. ४ हर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर, म्हणजे पूर्ण एक तरंग दोरीवर बसतो आणि मधला निस्पंद १.५ मीटरवर येतो. समजा प्रस्पंदाची झेप ६ सेंटिमीटर आहे. बांधलेल्या टोकापासून २५ सेंटिमीटरवरची पट्टी फक्त ३ सेंटिमीटर जाईल. ७५ वरची पट्टी प्रस्पंदावर आहे, ती पूर्ण ६. १२५ वरची पुन्हा ३. आणि तिघी सर्वांत वर पोहोचतात ते एकाच चित्रात! उशीर गायब झाला, कमी-जास्त आलं.

मग १७५ वरची पट्टी बघा. तिचीही झेप ३ सेंटिमीटर, पण १२५ वरची वर असते तेव्हा ही खाली. दोघींत अंतर जेमतेम अर्धा मीटर, मध्ये निस्पंद. एका लूपमधले सगळे बिंदू एका कलेत आणि पुढच्या लूपमधले सगळे बरोबर विरुद्ध कलेत. प्रगामी तरंगात कला उतारासारखी सलग बदलते, इथे ती पायरीसारखी निस्पंदावर एकदम उडी मारते, मध्येअध्ये काही नाही.

बोटाचीही एक परीक्षा आहे, ती मला सगळ्यांत आवडते. कुणाला तरी निस्पंदावर दोरीला हलकेच बोट लावायला सांगा. तरंगाला पत्ताही लागत नाही. तेच बोट प्रस्पंदावर लावलं की सगळं कोलमडतं. गिटार वाजवणारे तारेच्या बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्यावर, हलकं बोट ठेवून तार छेडतात तेव्हा हेच करत असतात: मध्यावर निस्पंद असलेली दोलनं तेवढी उरतात, बाकीची मरतात, आणि स्वर एक सप्तक वर जातो. प्रगामी तरंगात अशी बोट ठेवायला सुरक्षित जागाच नसते, कारण प्रत्येक बिंदू आपापल्या वेळी पूर्ण हलणार असतो.

दोरी सरळ होते त्या क्षणी तरंग कुठे जातो?

स्थिर तरंगाचं चित्रीकरण सावकाश बघताना एक विलक्षण चित्र सापडतं. दोरी सगळीकडे अगदी सरळ, जणू कुणी हलवलीच नाही. ४ हर्ट्झला असा क्षण सेकंदाला आठ वेळा येतो. प्रगामी तरंग चालू असलेली दोरी अशी कधीच सरळ होत नाही. म्हणजे सुरुवातीला 'एका फोटोवरून सांगता येणार नाही' म्हटलं, त्यात हा एवढा अपवाद: फोटो नेमका या क्षणी काढला असेल तर प्रगामी नाही हे नक्की. पण मग तरंग आहे की नाही, हेही त्या फोटोवरून कळणार नाही!

तरंग अर्थातच आहे, पण आकारात नाही, वेगात आहे. त्या क्षणी प्रस्पंदावरची पट्टी सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने मधली रेषा ओलांडत असते. सगळी ऊर्जा गतिज झालेली असते आणि ती प्रस्पंदांभोवती एकवटलेली असते. पाव दोलनानंतर, म्हणजे ०.०६ सेकंदांनी, दोरी पूर्ण फुगते आणि क्षणभर सगळीकडे थांबते. आता गतिज ऊर्जा शून्य, सगळी स्थितिज. आणि ती कुठे? दोरी सर्वांत तिरकी आणि म्हणून सर्वांत ताणलेली असते तिथे, निस्पंदांपाशी. म्हणजे जो बिंदू कधी हलतच नाही, त्याच्या आसपास दर थोड्या वेळाने सगळी ऊर्जा येऊन बसते. मला हे कळलं तेव्हा निस्पंदाकडे बघण्याची नजरच बदलली. तोवर मी त्याला मेलेला बिंदू समजत होतो.

ऊर्जा प्रस्पंदाकडून निस्पंदाकडे आणि परत अशी हिंदकळत राहते, पण दोन्ही ओलांडत नाही. निस्पंद हलत नाही, त्यामुळे तो पलीकडच्या भागावर कार्य करू शकत नाही. प्रस्पंदापाशी दोरी नेहमी आडवी असते, त्यामुळे तिथला ताण शेजाऱ्याला वर-खाली ओढत नाही. पाव तरंगलांबीच्या कोठडीत ऊर्जा कैद. 'स्थिर तरंग ऊर्जा वाहून नेत नाही' या तक्त्यातल्या वाक्याचा खरा अर्थ हा. ऊर्जा हलतच नाही असा नव्हे.

प्रगामी तरंगात याच्या उलट. तिथे दोरी जिथे मधली रेषा ओलांडत असते तिथेच वेगही सर्वाधिक आणि तिरकेपणाही सर्वाधिक. गतिज आणि स्थितिज ऊर्जा एकाच ठिकाणी, एकाच वेळी, हातात हात घालून पुढे जातात.

पायरी ४: समीकरणाला घाबरू नका

समीकरणातही तेच दोन शब्द शोधायचे. प्रगामी तरंगाचं विस्थापन, म्हणजे एखादा बिंदू मधल्या रेषेपासून किती सरकलाय ते, असं लिहितात:

आयाम × साइन (क × अंतर − ख × वेळ)

अंतर आणि वेळ एकाच कंसात, एकमेकांत गुंतलेले. अंतर थोडं वाढवलं तर तेच मूल्य मिळवायला वेळही थोडा वाढवावा लागतो. हा उशीर. ('क' म्हणजे ३६० अंश भागिले तरंगलांबी, 'ख' म्हणजे ३६० अंश गुणिले वारंवारता.) वजा चिन्ह असेल तर तरंग अंतर वाढेल त्या दिशेने जातो, अधिक असेल तर उलट्या दिशेने.

स्थिर तरंग म्हणजे असे दोन तरंग, आयाम आणि वारंवारता सारखी, दिशा विरुद्ध. दोघांची बेरीज केली, त्रिकोणमितीतलं दोन साइनच्या बेरजेचं सूत्र लावलं, की येतं:

२ × आयाम × साइन (क × अंतर) × कोसाइन (ख × वेळ)

गुंता सुटला. अंतर एका कंसात, वेळ दुसऱ्या. पहिला भाग प्रत्येक बिंदूला त्याची झेप ठरवून देतो, हे कमी-जास्त. दुसरा भाग सगळ्यांना एकच ताल देतो. परीक्षेत समीकरण देऊन तरंग ओळखायला सांगितलं, तर अंतर आणि वेळ एका कंसात आहेत की वेगळ्या, एवढं पाहिलं की उत्तर मिळतं.

आपल्या दोरीवर तपासू. बांधलेल्या टोकाला अंतर शून्य, साइन शून्य, बिंदू कायम स्तब्ध. २५ सेंटिमीटर म्हणजे ३ मीटरच्या तरंगलांबीचा बारावा भाग, म्हणजे ३० अंश. साइन ३० अंश बरोबर अर्धा, म्हणून ६ ऐवजी ३ सेंटिमीटर. वर पट्ट्यांवर मोजलं ते हेच.

'स्थिर तरंगाचा वेग किती?' हा फसवा प्रश्न इथेच निकालात काढू. नमुना जागचा हलत नाही, त्यामुळे त्याला पुढे जाण्याचा वेग नाही. गणितात वारंवारता गुणिले तरंगलांबी करून जे १२ येतात तो वेग बेरजेत गेलेल्या दोन प्रगामी तरंगांचा.

पायरी ५: आवाजात हेच कानाने ऐका

फोनवर शुद्ध सूर वाजवणारं ॲप घ्या आणि १००० हर्ट्झचा सूर लावा. फोन एका कडक, मोकळ्या भिंतीकडे तोंड करून दीडएक मीटरवर ठेवा. एक कान बोटाने बंद करा आणि दुसरा भिंतीच्या अगदी जवळ नेऊन हळूहळू मागे सरका. आवाज मोठा, मग लहान, मग पुन्हा मोठा होत जातो. २० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणून तरंगलांबी ३४.३ सेंटिमीटर, आणि लागोपाठच्या दोन शांत जागांत तिच्या निम्मं, १७ सेंटिमीटर अंतर. पहिली शांत जागा भिंतीपासून साधारण साडेआठ सेंटिमीटरवर मिळेल. खोलीच्या बाकीच्या भिंतीही आपापलं परावर्तन मिसळतात, त्यामुळे भिंतीपासून जितके लांब जाल तितका हिशोब विस्कटतो.

इथे एक जण हमखास अडतो. भिंतीपाशी हवा पुढे-मागे हलू शकत नाही, म्हणजे तिथे निस्पंद असायला हवा, मग तिथे आवाज मोठा कसा? कारण कान हवेचं विस्थापन नाही, दाबातला बदल ऐकतो. भिंतीला चिकटून हवा हलत नाही, पण दोन्हीकडून येणाऱ्या संपीडनात ती सर्वांत जास्त दाबली जाते. विस्थापनाचा निस्पंद तोच दाबाचा प्रस्पंद. ध्वनीच्या गणितात आकृती काढायच्या आधी ती विस्थापनाची आहे की दाबाची, हे वर लिहून ठेवायची शिस्त लावा. निम्म्या चुका तिथेच टळतात.

पाणी बघायचं असेल तर ६० सेंटिमीटर लांब ट्रेमध्ये ५ सेंटिमीटर पाणी घेऊन एका बाजूने हलकेच उचलून सोडा. पाणी दोन्ही टोकांना वर-खाली होतं, मध्ये जवळपास स्तब्ध. म्हणजे टोकांना प्रस्पंद, मध्यावर निस्पंद, दोरीच्या बरोबर उलट. टोकावर काय येणार हे टोक कसं आहे त्यावर ठरतं. एका हिंदकळण्याला सुमारे १.७ सेकंद लागतील. हेच हिंदकळणं जिनिव्हा सरोवरात होतं तेव्हा एका खेपेला सुमारे ७३ मिनिटं लागतात; १९ व्या शतकात फ्रँस्वा-आल्फाँस फोरेल यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला.

नदीत खडकामागे एकाच जागी उभी राहिलेली लाट मात्र यात धरू नका. ती काठावरून थांबलेली दिसते, कारण ती प्रवाहाविरुद्ध पाण्याइतक्याच वेगाने जात असते. तिथे निस्पंद-प्रस्पंद शोधाल तर सापडणार नाहीत.

मधली अवस्था, जी पुस्तकात नसते

दोरी हलवताना एक शंका मनात आली असेल. हात तर हलतोय, मग हाताच्या टोकाला निस्पंद कसा? प्रामाणिक उत्तर: तो नेमका निस्पंद नाही, निस्पंदाच्या अगदी जवळ आहे. हवेचा विरोध आणि दोरीच्या धाग्यांतलं घर्षण दर फेरीला थोडी ऊर्जा खातात. तेवढी भरपाई हात करत राहतो, आणि ती भरपाई दोरीवर पसरते ती एका बारीकशा प्रगामी तरंगाच्या रूपात. नीट बघितलंत तर मधला निस्पंदही किंचित थरथरताना दिसेल. म्हणून दोरीवरचा आपला स्थिर तरंग शंभर टक्के स्थिर नसतो.

परावर्तन अपुरं असेल तर ही भेसळ ठळक होते. समजा परतणाऱ्या तरंगाचा आयाम जाणाऱ्याच्या निम्मा आहे. जिथे दोघे एकमेकांना साथ देतात तिथे झेप दीडपट, जिथे विरोध करतात तिथे निम्मी. शून्य कुठेच नाही. दीड भागिले अर्धा म्हणजे ३, आणि या आकड्याला स्थिर तरंग गुणोत्तर म्हणतात. रेडिओ प्रसारणाची माणसं अँटेनाच्या केबलवर नेमकं हेच मोजतात. १ आलं तर केबलवर शुद्ध प्रगामी तरंग, सगळी शक्ती अँटेनाकडे. आकडा जसा वाढतो तसा परत फिरणारा वाटा वाढतो. त्यामुळे 'प्रगामी की स्थिर' यापेक्षा 'किती प्रगामी, किती स्थिर' हा प्रश्न अनेकदा जास्त खरा असतो.

पायरी ६: धावणाऱ्याला थांबवून मोजा

धावत्या तरंगाची लांबी मोजणं अवघड, उभ्या तरंगाची पट्टीने मोजता येते. १८८८ मध्ये हाइनरिख हर्ट्झ यांनी कार्ल्सरूहमध्ये विद्युतचुंबकीय तरंग जस्ताच्या पत्र्यावरून परावर्तित केले आणि ठिणगी दाखवणारं कडं पुढे-मागे नेत, ठिणगी कुठे ठळक आणि कुठे विझते ते टिपलं. त्यावरून तरंगलांबी मिळाली. त्याआधी, १८६० च्या सुमारास, फ्रान्झ मेल्डे यांनी नादकाट्याला दोरा बांधून त्यावर स्थिर तरंग उभे केले होते; ही संज्ञा रूढ झाली तीही त्यांच्यामुळे.

तुम्हीही मोजा. ३५ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर व्यासाची नळी पाण्याने भरलेल्या खोल बादलीत उभी बुडवा. वरच्या तोंडाशी १००० हर्ट्झचा सूर लावलेला फोन धरा आणि नळी हळूहळू वर काढा. पाण्यावर उरलेली हवेची उंची ७.४ सेंटिमीटर झाली की आवाज एकदम घुमेल. तिथे खूण करा. आणखी वर काढा, दुसऱ्यांदा घुमेल तो २४.५ च्या आसपास.

आता घाई करणारा विद्यार्थी म्हणतो, पहिली उंची पाव तरंगलांबी, तिला चारने गुणा. २९.६ सेंटिमीटर, म्हणजे वेग २९६. तेरा-चौदा टक्के कमी! चूक मोजण्यात नाही. उघड्या टोकाचा प्रस्पंद नळीच्या तोंडावर न बसता थोडा बाहेर बसतो, त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट, आपल्या नळीत १.२ सेंटिमीटर. ही चूक दोन्ही मापांत सारखीच शिरलेली असते, म्हणून दोघांची वजाबाकी करा. १७.१ आले. ही अर्धी तरंगलांबी, दोन निस्पंदांमधलं अंतर, भिंतीपाशी कानाने शोधलेलं तेच. दुप्पट करून १००० ने गुणा, ३४२ येतात.